ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावरून पार्टनर व्हिसावर: कोल्हापुरातून नेहमी येणारे प्रश्न

मी शिवाजी पेठेतली. शिकायला म्हणून मेलबर्नला गेले, लग्न कोल्हापुरात येऊन केलं आणि पार्टनर व्हिसाचा, म्हणजे नवरा-बायको किंवा जोडीदार म्हणून मिळणाऱ्या व्हिसाचा, अर्ज परत मेलबर्नला जाऊन भरला. तेव्हापासून दर लग्नसराईत माझा फोन म्हणजे चौकशीची खिडकी झालाय. कुणाची आत्या विचारते, कुणाच्या मैत्रिणीचा भाऊ, कुणी थेट "ताई, तुमचा नंबर तुमच्या आईकडून घेतला" असं सांगून सुरुवात करतं. तीच ती उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते. मी रजिस्टर्ड मायग्रेशन एजंट नाही. नियम आणि माझ्यावर जे बेतलं ते, एवढंच सांगू शकते. फी आणि फॉर्म बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी तिकडच्या गृह खात्याच्या साइटवर एकदा नजर टाकाच.

८२०, ८०१, ३०९, १०० असे आकडेच कानावर येतात. पार्टनर व्हिसा यातला कोणता?

सगळेच. दोन जोड्या आहेत. अर्ज करताना तुम्ही ऑस्ट्रेलियात असाल तर ८२० आणि ८०१. बाहेर, म्हणजे आपल्यासाठी कोल्हापुरात, असाल तर ३०९ आणि १००. जोडीतला पहिला तात्पुरता, दुसरा कायमचा. अर्ज एकत्रच करायचा, फी एकदाच भरायची. आधी तात्पुरता मिळतो आणि दोन वर्षं झाली की कायमच्या व्हिसाचा विचार होतो. ही दोन वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात. लग्नाच्या तारखेपासून नाही आणि तात्पुरता हातात पडल्यापासूनही नाही. अर्ज करतानाच नातं तीन वर्षांचं असेल, किंवा दोन वर्षांचं असून दोघांचं मूल असेल, तर दोन्ही लागोपाठ मिळू शकतात.

माझा नवरा तिकडे आयटीत आहे, वर्क व्हिसावर. तो मला पार्टनर व्हिसा देईल ना?

नाही. स्पॉन्सर करणारा माणूस ऑस्ट्रेलियाचा नागरिक, पीआर (कायम राहायची परवानगी) असलेला, किंवा ठरावीक अटीत बसणारा न्यूझीलंडचा नागरिक लागतो. नवरा स्वतःच तात्पुरत्या व्हिसावर असेल तर तुम्ही त्याच्या व्हिसावर कुटुंबीय म्हणून जाता, ज्याला सगळे डिपेंडंट म्हणतात. तो रस्ता वेगळा, फी वेगळी, कागद वेगळे. स्थळ बघताना "मुलगा ऑस्ट्रेलियाला असतो" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या व्हिसावर असतो, हे विचारायला लाजायचं कारण नाही. पगार विचारतोच की आपण.

मी स्टुडंट व्हिसावर आहे, लग्न पीआर असलेल्या मुलाशी झालंय. भारतात परत न जाता अर्ज करता येईल?

येईल. मी तेच केलं. ग्रॅज्युएट व्हिसावरून, वर्क व्हिसावरूनही करता येतो. अपवाद आहे तो ४९१ आणि ४९४ या रीजनल व्हिसांचा. त्यांच्यावर तीन वर्षं काढल्याशिवाय सहसा ८२० चा अर्ज घेतला जात नाही. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली ४९१ वर आहेत, त्यांनी लग्न ठरवतानाच हे लक्षात घ्यावं.

आणि अर्ज हातातला व्हिसा जिवंत असताना करायचा. हे मी मोठ्या आवाजात सांगते, कारण इथेच लोक घसरतात. व्हिसा संपल्यावर अर्ज केलात तर कायद्यातल्या शेड्यूल ३ नावाच्या अटी आडव्या येतात. मग उशीर का झाला आणि तरीही तुम्हाला सूट का द्यावी, हे सबळ कारणांनी पटवून द्यावं लागतं. "पत्रिकेत मुहूर्त नव्हता" हे सबळ कारण नाही. आमच्या घरी मार्चनंतरची तारीख काढायचं चाललं होतं आणि माझा व्हिसा मार्चमध्येच संपत होता. मी भटजींना ग्रँट लेटर, म्हणजे व्हिसा मंजुरीचं पत्र, दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, पंचांग उलटं चाळलं आणि डिसेंबरातला मुहूर्त काढून दिला. गुरुजी समजूतदार असले की निम्मं काम होतं.

ग्रँट लेटरवर ८५०३ असं लिहिलंय. ते काय?

ती "नो फर्दर स्टे" अट. ती असेल तर ऑस्ट्रेलियात बसून जवळपास कोणताही दुसरा व्हिसा मागता येत नाही, पार्टनर व्हिसाही नाही. टुरिस्ट व्हिसावर ती बऱ्याचदा घालतात. नातेवाइकाने स्पॉन्सर केलेल्या व्हिजिटर व्हिसावर असतेच. अट काढून घ्या म्हणून विनंती करता येते, पण त्यासाठी व्हिसा मिळाल्यानंतर, तुमच्या हातात नसलेलं, परिस्थिती पार बदलून टाकणारं काहीतरी घडलेलं असावं लागतं. तिथे गेल्यावर लग्न केलं, हे त्यात सहसा बसत नाही, कारण लग्न आपण ठरवून करतो. अशा वेळी मुकाट परत येऊन कोल्हापुरातून ३०९ भरणं शहाणपणाचं.

तुमच्या व्हिसावर कोणत्या अटी आहेत ते व्हेवो या सरकारी साइटवर पासपोर्ट नंबर, व्हिसा ग्रँट नंबर वगैरे टाकून फुकट दिसतं. तिकीट काढायच्या आधी बघा.

सुनेला टुरिस्ट व्हिसावर नेतो आणि तिथे गेल्यावर ८२० भरतो. शेजारच्यांनी असंच केलं.

हा प्रश्न मला सासरे मंडळी विचारतात, आणि आवाज थोडा खाली घेऊन विचारतात. त्यावरूनच कळतं की उत्तर त्यांनाही ठाऊक आहे.

८५०३ नसेल तर टुरिस्ट व्हिसावरून ८२० चा अर्ज घेतला जातो, हे खरं. पण टुरिस्ट व्हिसा मागताना "मी फिरायला येतेय आणि परत जाणार" असं तुम्ही सांगितलेलं असतं. ते लिहिताना कायम राहायचा बेत पक्का असेल तर ती खोटी माहिती झाली. विमानतळावर बॅग उघडली आणि आत लग्नाचा अल्बम, शाळेचे सगळे दाखले, मसाल्याचा डबा आणि रुखवत निघालं, तर तीन महिन्यांच्या सहलीवर कुणाचा विश्वास बसणार? व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो. ज्यांची लग्नं नुकतीच झालीत आणि सून अजून कोल्हापुरातच आहे, त्यांनी ३०९ भरावा आणि त्या मधल्या काळात खरोखर भेटायला जायचं असेल तर तसं उघड लिहून व्हिजिटर व्हिसा मागावा. पार्टनर अर्ज चालू आहे हे लपवायचं नाही.

पण टुरिस्टवरून व्हिसा बदलणं २०२४ पासून बंद झालं ना?

ते स्टुडंट व्हिसाबद्दल. १ जुलै २०२४ पासून टुरिस्ट आणि ग्रॅज्युएट व्हिसावाल्यांना ऑस्ट्रेलियात राहून स्टुडंट व्हिसाचा अर्ज करता येत नाही. पार्टनर व्हिसाचा त्याच्याशी संबंध नाही.

अर्ज भरला, ब्रिजिंग व्हिसा आला. आता कॉलेज सोडलं तर चालेल?

इथे माझीच गोष्ट सांगते. अर्ज भरला त्याच दिवशी ब्रिजिंग व्हिसा ए, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिथे राहू देणारा मधल्या काळाचा व्हिसा, आल्याची मेल आली. भारतातल्या एका एजंटाने फोनवर सांगितलं, "झालं मॅडम तुमचं, आता फी कशाला भरताय पुढच्या सेमिस्टरची?" मला ते ऐकायला गोड लागलं. सेमिस्टरची फी म्हणजे बाबांच्या पीएफमधली रक्कम होती. कॉलेजला नाव काढण्याची मेल लिहून तयार ठेवली. पाठवायच्या आदल्या रात्री नवऱ्याने ब्रिजिंगचं पत्र ओळीओळीने वाचून दाखवलं तेव्हा डोळे उघडले.

ब्रिजिंग ए मिळालेला असतो, पण लागू झालेला नसतो. स्टुडंट व्हिसा ज्या दिवशी संपतो, त्यानंतर तो लागू होतो. तोपर्यंत तुम्ही विद्यार्थीच. पंधरवड्याला ४८ तासांची कामाची मर्यादा तशीच, कॉलेजात नाव असायची अट तशीच. मधेच नाव काढलं आणि स्टुडंट व्हिसा रद्द झाला, तर त्याच्यावर टेकलेला ब्रिजिंग एही जातो. म्हणजे फी वाचवायला जाऊन पायाखालची फळीच काढून घेतल्यासारखं. ती मेल अजून माझ्या ड्राफ्टमध्ये पडून आहे.

स्टुडंट व्हिसा त्याच्या मुदतीने संपू दिला की मग ब्रिजिंग लागू होतो. पार्टनर अर्जावरच्या ब्रिजिंग एवर कामाच्या तासांची मर्यादा सहसा नसते. पत्रात अटी लिहिलेल्या असतात, त्या वाचा.

आजी आजारी आहे. ब्रिजिंगवर असताना कोल्हापूरला येऊन जाता येईल?

ब्रिजिंग ए लागू झालेला असताना देश सोडलात की तो संपतो. परत यायला हातात काही उरत नाही. त्यासाठी निघायच्या आधी, ऑस्ट्रेलियात असतानाच, ब्रिजिंग व्हिसा बी मागायचा आणि तो मिळाल्यावरच विमानात बसायचं. त्यावर परत येण्याची शेवटची तारीख असते. उत्तरकार्य, तेरावा, सगळं त्या तारखेच्या आत.

मूळ स्टुडंट व्हिसा अजून चालू असेल तर त्याच्यावर जाऊन तो संपायच्या आत परत येता येतं. पण फ्लाइट रद्द होणं, व्हायरल ताप, आईचं "अजून दोन दिवस राहा", हे सगळं धरून तारीख ठरवा.

साखरपुडा झालाय, लग्न पुढच्या वर्षी. आत्ताच काही करता येतं?

त्यासाठी ३०० नंबरचा प्रॉस्पेक्टिव्ह मॅरेज व्हिसा आहे. अर्ज ऑस्ट्रेलियाबाहेरून करायचा. दोघं अठरा पूर्ण झाल्यावर एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत, नुसत्या व्हिडिओ कॉलवर भागत नाही. व्हिसा ९ ते १५ महिन्यांचा असतो, त्या मुदतीत लग्न करायचं आणि मग तिथून ८२० भरायचा, ज्याची फी त्या वेळी कमी पडते. माझं मत विचाराल तर, लग्न कोल्हापुरातच आणि लवकर करायचं ठरलं असेल तर ३०० च्या वाटेला जाऊ नये. लग्न करून सरळ ३०९ भरावा, एक टप्पा वाचतो.

आमचं बघून ठरलेलं लग्न. लव्ह स्टोरी काय लिहायची?

नसलेली लिहू नका. अर्जात दोघांनीही आपापल्या शब्दांत नात्याचा इतिहास लिहायचा असतो: कधी भेटलो, कसं ठरलं, कोण कुठे राहिलं, पैसे कसे वापरतो, पुढचा बेत काय. बघून ठरलेली लग्नं त्यांना नवीन नाहीत. मामांनी स्थळ आणलं, रविवारी कांदेपोहे झाले, गच्चीवर दहा मिनिटं बोलायला दिलं, ती दहाची पन्नास झाली, तिसऱ्या दिवशी होकार कळवला, असं जसं घडलं तसं तारखांसकट लिहा. एका मुलाने मला त्याचं लिखाण तपासायला पाठवलं होतं. त्यात पॅरिसचा सूर्यास्त होता. दोघांपैकी कुणीच पॅरिस बघितलेलं नव्हतं. मी म्हटलं, अरे, रंकाळ्यावर भेळ खाल्लीत ना, तेच लिही. भेळेच्या गाडीवरचा तुमचा फोटो आहे, त्यावर तारीख आहे.

पुरावे म्हणून नक्की काय द्यायचं? आम्ही एकत्र कुटुंबात राहतो, लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर आहे.

अधिकारी चार गोष्टी बघतात: पैशाचा व्यवहार, घर, समाज तुम्हाला नवरा-बायको म्हणून ओळखतो का, आणि एकमेकांना किती बांधून घेतलंय.

पैसा सोपा. जॉइंट अकाउंट काढा, पण नुसतं काढून ठेवू नका. त्यातून किराणा, भाडं, मोबाइलचं रिचार्ज जाऊ दे. हजार डॉलर टाकून झोपवून ठेवलेल्या खात्याकडे बघूनच कळतं की ते व्हिसासाठी काढलंय. विमा, पीएफ, बँकेतल्या ठेवी यांना वारस म्हणून जोडीदाराचं नाव लावा. तिकडे सुपर नावाचा पीएफ असतो, त्यालाही.

घराचं मात्र आपल्याकडे अवघड. भाडेकरार नाही, बिलं सासऱ्यांच्या नावाची, दुमजली घरात नऊ माणसं. म्हणून एकत्र राहत नाही असं थोडंच आहे? सासऱ्यांचं पत्र घ्या: घर माझ्या नावावर आहे, मुलगा आणि सून अमुक तारखेपासून वरच्या खोलीत राहतात. सोबत रेशन कार्डावर चढवलेलं सुनेचं नाव, त्या पत्त्यावर आलेली बँकेची पत्रं, गॅस एजन्सीची पावती, ऑनलाइन मागवलेल्या सामानाची बिलं. घरात कोण काय काम करतं हेही लिहायचं असतं. सकाळी पाणी कोण भरतं, डबे कोण करतं, हे लिहिताना हसू येतं, पण नेमकं तेच हवं असतं.

समाजाच्या ओळखीसाठी लोक पाचशे फोटो टाकतात, त्यात चारशे ऐंशी स्टेजवरचे. वीस पुरेत, पण वेगवेगळ्या दिवसांचे आणि वेगवेगळ्या माणसांसोबतचे: जोतिबाला जाऊन आलेले गुलालाने माखलेले, अंबाबाईच्या देवळाबाहेरचे, भावजयीच्या डोहाळेजेवणातले, मेलबर्नच्या गणपतीतले. प्रत्येकाखाली तारीख, जागा, कोण कोण आहे.

आणि एक गोष्ट कुठल्याच यादीत सापडणार नाही, म्हणून सांगते: आहेराची वही. आमची वही आत्याने लिहिली होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर श्री आणि तारीख. खाली तिच्या बारीक अक्षरात नाव, गाव, रक्कम. कुणाचे एकशेएक, कुणाचे पाचशेएक, एका ठिकाणी "स्टीलचा पिंप, झाकणासह". कागलची, गारगोटीची, इचलकरंजीची माणसं, सगळी एका दिवशी आमच्या लग्नाला आली होती आणि त्याची हिशेबासकट नोंद होती. मी दोन पानं स्कॅन करून भाषांतरासकट जोडली. तिचा किती उपयोग झाला ते कोण सांगणार. पण यासारखा कागद व्हिसासाठी मुद्दाम तयार करता येत नाही, आणि मला वाटतं पुराव्याची सगळी मेख त्यातच आहे. व्हिसा नसता तरी जो कागद झालाच असता, तो आधी शोधा.

फॉर्म ८८८ आत्या-काकांकडून भरून घेतला तर?

फॉर्म ८८८ म्हणजे तुमचं नातं खरं असल्याचं ओळखीच्या माणसाने लिहून द्यायचं निवेदन. तो भरणारे साक्षीदार ऑस्ट्रेलियाचे नागरिक किंवा पीआर असलेले, १८ वर्षांवरचे लागतात. निदान दोन द्यावेत. आत्या-काकांनी साध्या कागदावर सही करून पत्र द्यावं, ते वेगळं जोडता येतं. तिकडे नवीन असताना ओळखीचं कोण मिळणार, असं वाटतं. मला घरमालकीण आणि नवऱ्याच्या क्रिकेट टीममधला एक जण मिळाला. "हे छान जोडपं आहे" अशा वाक्यांना किंमत नाही. घरमालकिणीने लिहिलं होतं की मी दर शनिवारी तिच्याकडून कढीपत्ता तोडून नेते आणि नवरा बागेला पाणी घालतो.

पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अडेल का?

अडत नाही, पण गोंधळ उडतो आणि तो आपल्या नावांच्या पद्धतीमुळे उडतो. लग्नानंतर बाईचं आडनावच नाही, मधलं नावही बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. काही घरांत ताटात तांदूळ पसरून पहिलं नावही नवं लिहितात. म्हणजे तीन शब्दांतले तिन्ही वेगळे! बाहेरच्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर त्याचा काय दोष?

माझा सल्ला असा की अर्जाचं काम चालू असताना पासपोर्ट बदलायला जाऊ नका. अर्ज पासपोर्टवर जसं नाव आहे तसाच भरा. "इतर नावं" असा रकाना असतो, त्यात कुठल्याही कागदावर आलेलं प्रत्येक नाव लिहा, तांदळातलंसुद्धा. शाळेच्या दाखल्यावर एक आणि बँकेत दुसरं स्पेलिंग असेल तर तेही. लग्नाच्या प्रमाणपत्रावर लग्नापूर्वीचं नाव पासपोर्टशी जुळतंय ना, हे ते हातात घेतानाच तपासा. माझ्या प्रमाणपत्रात बाबांच्या नावातला एक काना गळला होता आणि दुरुस्तीसाठी आईला तीन हेलपाटे पडले.

लग्नाची नोंदणी कुठे? पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत का?

पुरत नाहीत, नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. शहरात लग्न झालं असेल तर महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात, गावात असेल तर ग्रामपंचायतीत. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालची ही नोंदणी. दोघांनी जातीने हजर राहायचं, सोबत तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची अर्जावर सही. लग्न झालं की दोन-तीन दिवसांतच उरकून घ्या. सुट्टी पंधरा दिवसांची असते, त्यात देवदर्शन, जागरण-गोंधळ, मांडवपरतणी, आणि शनिवार-रविवारी कार्यालय बंद. नवरा एकटा परत गेला तर त्याच्याशिवाय नोंदणी अडते.

आंतरधर्मीय किंवा थेट रजिस्टर पद्धतीने लग्न करणार असाल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यात नोटिशीचे ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं. पंधरा दिवसांच्या सुट्टीत हे बसत नाही.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. ऑस्ट्रेलियात करून घेतलं तर नाटी या संस्थेची मान्यता असलेला भाषांतरकार हवा. कोल्हापुरात केलं तर भाषांतरकाराने आपलं पूर्ण नाव, पत्ता, फोन, शिक्षण आणि अनुभव त्यावर लिहायचा.

लग्न न करता एकत्र राहतोय. चालतं?

चालतं. त्याला डी फॅक्टो म्हणतात. अर्जाच्या आधी १२ महिने असं नातं असावं लागतं. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड यांसारख्या राज्यांत नात्याची सरकारी नोंदणी करता येते. ती केली की १२ महिन्यांची अट राहत नाही. दोघी मुली किंवा दोघे मुलगे असाल तरी नियम तेच. घरी सांगायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

पोलिस क्लिअरन्स आणि मेडिकल?

गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात एकूण १२ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येकाचं पोलिस प्रमाणपत्र. भारताचं पासपोर्ट सेवेच्या साइटवरून. २०२२ च्या सप्टेंबरअखेरपासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज घेतात, त्यामुळे कोल्हापूरकरांची त्यासाठीची पुण्याची फेरी वाचली. तिकडे असाल तर भारतीय वकिलातीमार्फत. स्पॉन्सरलाही पोलिस प्रमाणपत्र द्यावं लागतं, हे ऐकून काही जावयांचा अहंकार दुखावतो. मेडिकल ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच करायचं. आधी अर्जातून हॅप आयडी (मेडिकलसाठी मिळणारा क्रमांक) काढा, मग अपॉइंटमेंट. फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट कितीही मोठ्या लेटरहेडवर असलं तरी उपयोग नाही.

खर्च किती? नवऱ्याचा पगार किती हवा? आयईएलटीएस लागतं का?

१ जुलै २०२५ ला मुख्य अर्जाची फी ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. दर १ जुलैला ती वाढते, त्यामुळे कागद तयार असतील तर जूनमध्येच भरा. व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. मेडिकल, पोलिस प्रमाणपत्रं, भाषांतर वेगळं.

पगाराची किमान रेषा ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसाला नाही. तशी अट ब्रिटनची आहे, लोक दोन्हींची सरमिसळ करतात. इंग्रजीची परीक्षाही लागत नाही. क्लासवाले लागते म्हणाले तर त्यांना नियम दाखवायला सांगा.

थांबायचं किती? आणि मधे आजारी पडले तर?

काही महिन्यांपासून दोन वर्षांच्या वरपर्यंत. कुणाचा आधी येतो, कुणाचा नंतर, तुलना करून झोप उडवू नका. ८२० चा अर्ज भरल्यावर ऑस्ट्रेलियात असाल तर मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य योजनेसाठी अर्ज करता येतो. अर्जाची पोचपावती आणि ब्रिजिंगचं पत्र घेऊन जा. कार्ड येईपर्यंत खासगी विमा बंद करू नका.

भाडेकरारावर मागची तारीख घालून घेतली तर कुणाला कळणार?

कळतं. खोटा कागद किंवा खोटी माहिती सापडली तर अर्ज तर जातोच, वर साधारण तीन वर्षं दुसरे व्हिसाही अडतात. ओळखीबद्दल खोटं असेल तर दहा. पुरावा कमी असणं आणि पुरावा खोटा असणं यात फार अंतर आहे. कमी असेल तर थांबून वाढवता येतो.

नकार आलाच तर पत्रात लिहिलेल्या मुदतीत अपील करता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून ते ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्यूनलकडे जातं. मुदत एक दिवसाने चुकली तरी दार बंद, म्हणून पत्र आल्या दिवशी वकील गाठा.

तो मारतो, आणि "व्हिसा माझ्या हातात आहे" म्हणतो.

हा मेसेज मला दोनदा आलाय, दोन्ही वेळा रात्री. व्हिसा त्याच्या हातात नाही. ८२० चा अर्ज झाल्यावर घरातल्या हिंसेमुळे नातं तुटलं, तरी कायद्यात कौटुंबिक हिंसाचाराची तरतूद आहे आणि तिच्या आधारे कायमचा व्हिसा मिळू शकतो. हिंसा म्हणजे मारहाणच नव्हे. पैसे काढून घेणं, पासपोर्ट लपवणं, घरी फोन करू न देणं हेही त्यात येतं. १८०० ७३७ ७३२ ही तिथली चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, दुभाष्यासाठी १३१ ४५०. जीवाला धोका असेल तर ०००. सासरची अब्रू, माहेरचं तोंड, हे सगळं नंतर बघू. आधी घराबाहेर पडा.

एजंट घ्यावा का?

सरळ प्रकरण असेल तर दोघं मिळून भरू शकता, आम्ही भरला. आधी नकार आलेला असेल, व्हिसा संपलेला असेल, ८५०३ असेल, पहिलं लग्न मोडलेलं असेल, स्पॉन्सरने आधी कुणाला स्पॉन्सर केलं असेल, तर पैसे खर्चून माणूस घ्या. स्पॉन्सर आयुष्यात साधारण दोनच जोडीदारांना स्पॉन्सर करू शकतो, तेही पाच वर्षांच्या अंतराने, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा आधीच विचारून घ्या. ऑस्ट्रेलियात मायग्रेशनचा सल्ला वकील किंवा नोंदणीकृत एजंटच देऊ शकतो. एजंटाला मार्न नावाचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो सरकारी यादीत तपासता येतो. भारतात मात्र कुणीही पाटी लावून बसतं. कॉलेजचे प्रवेश करून देणारा आणि व्हिसाच्या कायद्यातला माणूस एकच असतो असं नाही. मला कॉलेज सोडायला सांगणाऱ्याचा क्रमांक मी नंतर शोधला. नव्हताच.

८२० मिळाला. ८०१ च्या वेळी पुन्हा सगळं द्यायचं?

पुन्हा फी नाही, पण पुन्हा पुरावे हो. अर्जाला दोन वर्षं होत आली की त्याच इमीअकाउंटमध्ये, म्हणजे अर्ज भरला त्या ऑनलाइन खात्यात, दुसऱ्या टप्प्याची माहिती भरायची. जुनेच लग्नाचे फोटो परत चढवू नका, त्यांना मधली दोन वर्षं बघायची असतात. पत्ता बदलला, पासपोर्ट बदलला, मूल झालं, तर ते त्या त्या वेळीच कळवून ठेवायचं. आम्ही एका खोक्यात कागद टाकत गेलो: भाड्याच्या पावत्या, एकत्र काढलेली तिकिटं, दोघांच्या नावाने आलेल्या पत्रिका. ८०१ भरायला बसलो तेव्हा खोक्याच्या तळाशी आत्याचं पाकीट निघालं. दिवाळीच्या फराळासोबत तिने आहेराच्या वहीची मूळ प्रतच पाठवून दिली होती, आणि वर चिठ्ठी: "पिंप कुणाचा ते आता तूच बघ, परत करायचा आहेर राहिलाय."